कन्फर्म

एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरायची, ही मी पाहिलेली पहिली आरक्षणपद्धत. तिचे नियम सगळ्यांना माहीत असतात. रुमाल एक, जागा एक. एकाच सीटवर दोन रुमाल पडले तर भांडण होतं, पण ते तिथल्या तिथे, दोन माणसांत आणि अख्ख्या गाडीच्या साक्षीने होतं. रेल्वेची पद्धत याहून बरीच गुंतागुंतीची, तरीही ती आपल्याशी सरळ बोलते. तिकिटावर डब्ल्यूएल २३ लिहिलेलं असलं की कळतं, अजून बावीस जणांचं भलं झाल्याशिवाय आपलं होत नाही. आरएसी असेल तर टेकायला जागा नक्की, आडवं व्हायला मिळेलच असं नाही. रेल्वे तुम्हाला रांगेत उभं करते, पण रांग दाखवते.

विमानाच्या तिकिटावर यातलं काही नसतं. तिथे एकच शब्द असतो, कन्फर्म. आणि तो शब्द पूर्ण खरा नसतो. खोटाही नसतो म्हणा. बहुतेक वेळा खरी ठरणारी एक शक्यता त्याच्या आत दडलेली असते. १८० जागांच्या विमानासाठी १८० हून जास्त लोकांकडे 'कन्फर्म' तिकीट असू शकतं, तसं करणं बेकायदा नाही, आणि आपल्या देशाच्या नियमांतही ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

विमानप्रवासाबद्दल कुरकुरायला विषय भरपूर आहेत. गुडघ्यांत घुसणारी पुढची सीट, सोन्याच्या भावाने मिळणारा चहा, सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचा पट्टा, खिडकीची जागा हवी असेल तर वेगळे पैसे. त्या सगळ्यांवर भरपूर लिहिलं जातं. मला त्यातल्या एकाच गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे, कारण ती माझ्या धंद्याच्या जवळची आहे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आणि नसलेली जागा विकण्याची ही कला, निदान तिच्या आजच्या रूपात, एका सॉफ्टवेअरच्या पोटातून आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकन एअरलाइन्समध्ये आरक्षण म्हणजे कार्डं होती. एका फिरत्या गोल फायलीत प्रत्येक उड्डाणाचं एक कार्ड, आणि तिच्याभोवती बसलेले आठ कर्मचारी. जागा विकली गेली की कार्डाच्या कडेला खूण करायची. कार्ड नुसतं पाहून विमान भरलं की नाही ते कळायचं. अडचण अशी की त्या फायलीभोवती आठच माणसं मावत. नववा बसवायला जागाच नाही, म्हणजे कंपनीचा धंदा कितीही वाढो, आरक्षणाचा वेग आठ माणसांच्या हातांएवढाच. उड्डाण शोधणं, जागा धरणं, तिकीट लिहून काढणं या सगळ्याला सरासरी दीड तास लागायचा, कधी तीनही. १९४६ मध्ये 'रिझर्व्हायझर' नावाचं एक विजेवर चालणारं यंत्र आलं. जागा आहे का नाही, एवढं ते सांगायचं. जागा कोणाच्या नावावर आहे, हे मात्र पुन्हा कागदावरच.

मग १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या एका विमानात शेजारी-शेजारी दोन स्मिथ बसले. एक सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष. दुसरे ब्लेअर स्मिथ, आयबीएमचे विक्रेते. आडनाव एकच निघालं म्हणून बोलणं सुरू झालं, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला आख्यायिकेची चव आली आहे. (लांबच्या विमानप्रवासात शेजाऱ्याशी बोलण्यातून जगाचं भलं झालं, याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.) आयबीएम तेव्हा अमेरिकी हवाई दलासाठी 'सेज' नावाच्या यंत्रणेवर काम करत होती. दूरदूरच्या रडारांकडून येणारी माहिती एका जागी गोळा करायची आणि सोव्हिएत बाँबर कुठे आहेत ते पडद्यावर दाखवायचं, हे तिचं काम. रडारांच्या जागी तिकीट खिडक्या आणि बाँबरच्या जागी रिकाम्या सीटा घातल्या, तर प्रश्न तोच उरतो. देशभर विखुरलेल्या शेकडो ठिकाणांहून एकाच वेळी एकाच माहितीला हात घालायचा, आणि तरी ती माहिती बिघडू द्यायची नाही. आज आम्ही ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणतो ते हेच.

त्यातून 'सेबर' उभी राहिली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक, १९६० पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात, १९६४ पर्यंत सगळं जाळं जोडून पूर्ण. प्रवाशाचं नाव, फोन, उड्डाण, जेवणाच्या खास सूचना, सगळं एका नोंदीत. त्या नोंदीला पॅसेंजर नेम रेकॉर्ड म्हणायचे. तोच आपला पीएनआर. आपल्या रेल्वेने तो शब्द उचलला आणि तो इतका मुरला की पीएनआर म्हणजे काय, असं आता कोणी विचारत नाही.

या यंत्रणांच्या वंशजांची हाडं अजून दिसतात. जागा किती शिल्लक आहेत हे एजंटच्या पडद्यावर ९ च्या वर दिसत नाही, कारण तिथे आकडा एकच मावतो. नऊ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त. भाड्याचा वर्ग एका अक्षराचा. नाव आडनावापासून, मध्ये तिरकी रेघ, सगळं मोठ्या लिपीत, आणि शेवटी मिस्टर किंवा मिसेस चिकटवलेलं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. मग बोर्डिंग पासवर पोराचं, बापाचं आणि मिस्टरचं मिळून जे लांबलचक एकसंध नाव तयार होतं, ते पुण्याच्या विमानतळावर रोज शेकडो लोक हातात धरून उभे असतात. ज्यांचं आडनावच नाही अशा लोकांचे, म्हणजे दक्षिणेतल्या माझ्या दोन-तीन मित्रांचे, हाल वेगळेच. पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.

आता मूळ मुद्दा. कार्डांच्या काळातही एकच जागा दोघांना विकली जायची. कधी चुकून, कधी मुद्दाम. मुद्दाम अशासाठी की तेव्हाचं तिकीट आजच्यासारखं नव्हतं. आरक्षण करून न येणाऱ्याला दंड नसे. व्यापारी मंडळी दुपारच्या तीन विमानांत जागा धरत आणि मीटिंग संपेल त्याप्रमाणे एकाने जात. बाकीच्या दोन जागा रिकाम्या उडत. विमान उडाल्यावर रिकाम्या जागेची किंमत शून्य. संध्याकाळी उरलेल्या भाजीला निदान जुडीला पाच रुपये तरी येतात. सेबरने कंपन्यांच्या हाती जे दिलं ते वेगापेक्षा मोठं होतं. तिने त्यांना स्मरणशक्ती दिली. अमुक मार्गावर, अमुक वारी, अमुक वेळेला किती जण येत नाहीत, हे आता मोजता येऊ लागलं. अंदाज होता तिथे हिशोब आला.

तो हिशोब इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तितकाच सोपा आहे. समजा विमानात १०० जागा आहेत आणि प्रत्येक प्रवासी न येण्याची शक्यता दहा टक्के. शंभरच तिकिटं विकली तर सरासरी दहा जागा रिकाम्या जातील. १०७ विकली तर सरासरी ९६ जण येतील. शंभराहून जास्त येण्याची शक्यता सुमारे आठ टक्के, म्हणजे साधारण बारा उड्डाणांतल्या एकाला गर्दी होईल. आणि नाकारल्या जाणाऱ्यांची सरासरी काढली तर सात उड्डाणांमागे एक माणूस. एका बाजूला दर उड्डाणाला सहा जास्तीचे प्रवासी, दुसऱ्या बाजूला सात उड्डाणांमागे एक नाराज माणूस. हे गणित कोणत्याही मॅनेजरला दाखवलं तर तो काय ठरवेल, हे सांगायला नको.

या गणितात एक गृहीतक आहे, ते परीक्षेत कोणी विचारत नाही. प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही, असं आपण धरलं. खरे प्रवासी तसे नसतात. कुटुंबातले सहाच्या सहा येतात किंवा सहाच्या सहा येत नाहीत. दिल्लीला धुकं पडलं की तिथून जोडविमानाने येणारे तीस जण एकदम चुकतात. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नागपूरला जाणारा माणूस दहा टक्के शक्यतेने घरी बसत नाही. तो येतोच.

आमच्या धंद्यातही हेच चालतं, म्हणून मला कंपन्यांवर फार तोंड वर करून बोलता येत नाही. लिनक्स चालणारा संगणक प्रोग्रामांना त्याच्याकडे असलेल्या मेमरीहून जास्त मेमरीचं वचन देतो. कारण प्रोग्राम मागतात खूप आणि वापरतात थोडी. सगळ्यांनी एकदम वापरायला घेतली की 'आउट ऑफ मेमरी किलर' नावाचा एक भाग जागा होतो, प्रत्येक प्रोग्रामला गुण देतो, आणि ज्याचे गुण सगळ्यात वाईट त्याला मारून टाकतो. २००४ मध्ये एका लिनक्स प्रोग्रामरने याची टिंगल करताना विमान कंपनीचंच रूपक घेतलं होतं. इंधन कमी भरून उडणारं विमान, आणि हवेत असताना कोणत्या प्रवाशाला बाहेर टाकायचं हे ठरवणारी यंत्रणा. ते आजही आमच्याकडे हसत-हसत सांगितलं जातं. फरक एवढाच की मारलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करता येतो आणि त्याला लग्नाला जायचं नसतं.

२८ एप्रिल १९७२. ग्राहकांच्या हक्कांसाठी मोटार कंपन्यांना कोर्टात खेचणारे राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते, तिथे त्यांची सभा होती. अलेघेनी एअरलाइन्सचं विमान. सुटायला पाच मिनिटं असताना ते पोहोचले. आणि त्यांना सांगण्यात आलं, जागा नाही. शंभर जागा होत्या, आणि तासभर आधी १०७ आरक्षणं कन्फर्म झालेली होती. (वर उदाहरण घेताना मी हेच आकडे का घेतले ते आता कळलं असेल.) नियमाप्रमाणे त्यांना भरपाई देऊ केली गेली, ३२ डॉलर ४१ सेंट. ती त्यांनी नाकारली आणि कोर्टात गेले.

अमेरिकेतल्या लाखभर प्रवाशांतून नेमका नेडर यांनाच खाली ठेवणं, हे आपल्याकडे एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या नळाचं पाणी तोडण्यासारखं झालं. त्यांचा मुद्दा जागा मिळाली नाही हा नव्हताच. जास्तीची तिकिटं विकतो हे कंपनी लपवते, आणि तरीही 'कन्फर्म' म्हणते, ही फसवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाने प्रत्यक्ष नुकसानीचे दहा डॉलर आणि दंड म्हणून पंचवीस हजार डॉलर मंजूर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विमान वाहतुकीवर सरकारी मंडळाचं नियंत्रण आहे म्हणून कंपनीला फसवणुकीच्या दाव्यापासून सुटका मिळत नाही. मोठ्या दंडाची रक्कम पुढे अपिलात टिकली नाही. पण लपवाछपवी संपली. त्यानंतर अमेरिकेतल्या तिकिटांवर आणि खिडक्यांवर पाट्या लागल्या, उड्डाणासाठी जास्तीची आरक्षणं घेतली जाऊ शकतात म्हणून.

पाटी लागली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. कोणाला खाली ठेवायचं, हा खरा प्रश्न उरलाच. तो सोडवणारा माणूस विमानाच्या धंद्यातला नव्हताच. ज्युलियन सायमन हे अर्थशास्त्रज्ञ. पुढे ते दुसऱ्याच कारणाने गाजले. लोकसंख्येच्या स्फोटाने जग संपणार म्हणणाऱ्या पॉल एर्लिक यांच्याशी त्यांनी १९८० मध्ये पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली, आणि १९९० मध्ये जिंकली. पण त्याआधी, १९६८ मध्ये, त्यांनी एका नियतकालिकात छोटा लेख लिहिला. कल्पना अशी. विमान जास्त भरलं तर कर्मचाऱ्याने सगळ्या प्रवाशांना एक-एक कागद आणि पाकीट द्यावं. प्रत्येकाने लिहावं, किती पैसे मिळाले तर मी पुढच्या विमानाने जाईन. सगळ्यात कमी आकडा लिहिणाऱ्यांना तेवढे पैसे द्यावेत आणि उतरवावं. ज्याला घाई नाही तो खुशीने थांबेल, घाई असलेला जाईल, कोणाचंच नुकसान नाही.

सायमन यांनी हे कंपन्यांना कळवलं. उत्तरं आली ती टर उडवणारी. प्रवासी म्हणजे गुरांच्या बाजारातली गुरं नव्हेत, असा एकंदर सूर. गंमत म्हणजे त्याच काळात कंपन्या काय करत होत्या, तेही सायमन यांनी लिहून ठेवलं आहे: म्हाताऱ्यांना आणि सैनिकांना खाली ठेवत होत्या, कारण हे दोघे तक्रार करण्याची शक्यता कमी.

दहा वर्षं सायमन पत्रं लिहीत राहिले. १९७७ मध्ये विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षपदी अल्फ्रेड कान आले, ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ. त्यांना ही कल्पना एका वाचनात कळली असावी. १९७८ मध्ये नियम झाला: जबरदस्तीने कोणाला खाली ठेवण्याआधी स्वखुशीने थांबणारे शोधा, त्यांना मोबदला द्या. पाकिटं आली नाहीत, त्याऐवजी माइकवरून आकडा वाढवत जाणारा माणूस आला. बाकी कल्पना तीच. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत विमानप्रवाशाच्या बाजूने झालेली ही सगळ्यात शहाणी सुधारणा. तिला एक पैसा खर्च आला नाही, कोणतं यंत्र लागलं नाही. फक्त विचारायचं होतं.

विचारायचं होतं, हे मी का घोळवतो आहे, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी पुण्याहून नागपूरच्या रात्रीच्या विमानाला रांगेत उभा होतो. पुढे एक आजी-आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. मुलाने काढून दिलेलं तिकीट, दोन पानी, छापलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात. खिडकीवरच्या मुलीने बराच वेळ की-बोर्ड बडवला, मग दुसऱ्या मुलीला बोलावलं, मग म्हणाली, "सर, फ्लाइट फुल आहे. तुम्हाला सकाळचं देते."

आजोबांना ऐकू कमी येत असावं. आजी पुढे झाल्या. तिकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय लिहिलं आहे बाई इथे?"

"कन्फर्मच आहे मॅडम, पण तुमचं वेब चेक-इन झालेलं नाही ना."

"जागा नाही तर मग कन्फर्म काहून लिहिता?"

याला त्या मुलीकडे उत्तर नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं. ते गणित तिने केलेलं नव्हतं. वेब चेक-इन न केलेले, सगळ्यात स्वस्त भाड्याचे, उशिरा पोहोचलेले, असे गुण लावून यादीत तळाला कोण ते आधीच ठरलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम निवडा असं आता कोणी सांगत नाही. पण वेब चेक-इन कोण करत नाही, याचा विचार केला की यादीच्या तळाशी कोण सापडणार ते समजतं. सायमन यांनी वर्णन केलेल्या माणसांपर्यंत आपण फिरून परत आलो आहोत, फक्त मधे एक फॉर्म्युला आहे.

त्या रात्री कोणीही विचारलं नाही, थांबायला कोणी तयार आहे का. माझा बोर्डिंग पास फोनमध्ये होता. हजारो रुपये देतो म्हणाले असते तर मी थांबलो असतो का, हे मला खरंच सांगता येत नाही. रांगेत कॉलेजची दहा-बारा पोरं होती, त्यातली दोन नक्की थांबली असती. आजी-आजोबांना बाजूच्या लोखंडी खुर्च्यांवर बसवलं. मी फोनवर नियम शोधला, आजींना दाखवला, त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाठवला. तेवढ्यात बोर्डिंगची हाक आली.

नियम आपल्याकडे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, ऑगस्ट २०१६ पासून आजच्या रूपात लागू झालेला. जागा रिकाम्या जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनी मर्यादित प्रमाणात जास्तीची तिकिटं विकायला तो परवानगी देतो. पण गर्दी झाली तर आधी स्वखुशीने थांबणारे शोधा, असंही तो सांगतो. म्हणजे सायमन यांचं पाकीट पुण्यापर्यंत कागदोपत्री पोहोचलं आहे. कोणी तयार झालं नाही तरच जबरदस्ती, आणि त्याची भरपाई ठरलेली. तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही. चोवीस तासांत दिलं तर मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त दहा हजार रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त वीस हजार. नियम नुसता कागदावर राहतो असंही नाही. जून २०२२ मध्ये एका कंपनीला प्रवाशांना खाली ठेवून भरपाई न दिल्याबद्दल दहा लाखांचा दंड झाला होता.

या सगळ्यात १९७८ च्या अमेरिकेने दुसरीही एक गोष्ट केली होती. तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत. तोपर्यंत तिथली भाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. कंपन्यांना किमतीत स्पर्धा करता येत नव्हती, म्हणून जेवणात, जागेच्या ऐसपैसपणात आणि उड्डाणांच्या संख्येत ती व्हायची. ऑक्टोबर १९७८ मध्ये कायदा झाला आणि भाडी मोकळी झाली. 'पीपल एक्सप्रेस'सारख्या नव्या कंपन्या आल्या. तिकीट स्वस्त, बाकी प्रत्येक गोष्टीला पैसे. जुन्या कंपन्या बुडणार असं वाटत होतं. पण अमेरिकनकडे सेबर होती. कोणत्या उड्डाणावर किती जागा उशिरा येणाऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी राखायच्या, आणि किती आधी स्वस्तात सोडायच्या, हे तिला काढता येत होतं. त्याचं मूळ सूत्र १९७२ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीतल्या केन लिटलवुड यांनी मांडलेलं होतं. ते इतकं लहान आहे की एका ओळीत मावतं: स्वस्त तिकिटाचं भाडं, महाग तिकिटाचं भाडं गुणिले तो महाग गिऱ्हाईक येण्याची शक्यता, यापेक्षा जास्त असेल तोवर स्वस्तात विकत राहा.

जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकनने पीपल एक्सप्रेसच्या तोडीची भाडी जाहीर केली, पण प्रत्येक विमानात मोजक्याच जागांवर. पीपल एक्सप्रेसकडे हे मोजायचं यंत्र नव्हतं. १९८६ मध्ये ती विकली गेली, १९८७ मध्ये तिचं नावही गेलं. तिचे साधे पत्ते हरले. पण तिची दुसरी कल्पना जिंकली: प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे. २००८ मध्ये खुद्द अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेला १५ डॉलर लावले. आपल्याकडे १९५३ ते १९९४ सरकारची मक्तेदारी होती, म्हणून हे सगळे टप्पे आपण गाळले आणि थेट शेवटच्या अंकाला येऊन बसलो. २००३ मध्ये एअर डेक्कन आली तेव्हा विमानात पाण्याच्या बाटलीला पैसे, यावर वर्तमानपत्रांत विनोद व्हायचे. आता कोणी हसत नाही.

आणि या वेगळ्या पैशांनी जास्तीच्या तिकिटांच्या गणिताचा पाया काढून घेतला आहे, हे फारसं कोणी बोलत नाही. मुळात जास्तीची तिकिटं विकायची, ती न येणारा पैसे बुडवून जातो म्हणून. आजच्या स्वस्त तिकिटाचा माणूस आला नाही तर त्याचं भाडं कंपनीकडेच राहतं, परत मिळतो तो कर. म्हणजे त्याची रिकामी जागा आधीच विकली गेलेली आहे. तीच दुसऱ्याला विकणं म्हणजे एका जागेचे दोनदा पैसे घेणं. एसटीतल्या कोणत्याही भांडणात याला एक नेमका शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

२०१७ मध्ये शिकागोच्या विमानातून एका डॉक्टरला ओढून बाहेर काढल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ते विमान खरं तर जास्तीच्या तिकिटांमुळे भरलेलं नव्हतं. कंपनीला स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांना पाठवायचं होतं. लिलाव झाला होता, पण आठशे डॉलरवर थांबवला होता, आणि पैसेही रोख नव्हते, पुढच्या प्रवासाची कुपनं होती. त्यानंतर त्याच कंपनीने मर्यादा दहा हजार डॉलर केली. सायमन तोवर हयात नव्हते. त्यांच्या पाकिटाला मर्यादा नव्हतीच. आकडा प्रवाशाने लिहायचा होता.

आजी-आजोबांच्या मुलाचा नंतर मेसेज आला. सकाळच्या विमानाने ते पोहोचले, फराळाच्या वेळेला. भरपाईसाठी त्याने तीन वेळा लिहिलं, दोन महिन्यांनी पैसे आले. त्याने मला तिकिटाचे तपशील पाठवले होते, हिशोब बरोबर आहे का बघा म्हणून. एका तिकिटाला त्याने ५,९०० रुपये भरले होते. त्यात मूळ भाडं होतं ३,४००. उरलेलं म्हणजे कर, विमानतळाचा आकार, कन्व्हीनियन्स फी, आणि आजोबांना पाय लांब करता यावेत म्हणून पुढच्या सीटचे घेतलेले ७००. दुप्पट फक्त ३,४०० ची झाली. पुढच्या सीटचे ७०० त्याला वेगळे मागावे लागले, कारण सकाळच्या विमानात त्यांना बाविसावी रांग मिळाली होती.